सहाशे बारा दिवस शिल्लक

लिफ्ट तपासणीस म्हणून मी एकतीस वर्षं नोकरी केली आणि माझ्या सहीची एकही लिफ्ट कधी दोन मजल्यांच्या मध्ये अडकली नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगतो आहे. पण त्याला आणखीही एक कारण आहे. पुढे मी जो घोळ घातला तो काही एखाद्या बिनडोक माणसाने घातलेला नव्हता, एवढं आधी नोंदवून ठेवावं म्हटलं.

घोळ आमच्या घरातल्या कॉम्प्युटरचा. म्हणायला तो दोघांचा, पण खरा माझ्या बायकोचा. ती मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती, शेवटची नऊ वर्षं मुख्य परिचारिका. नोकरी संपली तरी तिला सगळी गल्ली अजून ‘सिस्टर’च म्हणते. शेजारीपाजारी म्हणतात, इस्त्रीवाला म्हणतो, आणि ती रागात असली की मीही म्हणतो, कारण तेव्हा नावाने हाक मारायची माझी छाती होत नाही. निवृत्त झाल्यावर तिने एक पुस्तक लिहायला घेतलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरच्या लोकांनी काळजी कशी घ्यायची, यावर. माणूस गादीवर असताना चादर कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कधी आणि कशी बदलून द्यायची, चमच्याने भरवताना मान कुठे हवी, असं सगळं. दहा प्रकरणं लिहून झाली होती, दोन राहिली होती, आणि प्रकाशकाने महिनाअखेरची मुदत दिली होती. महिना संपायला सतरा दिवस होते.

आता दोन वर्षांपूर्वीचं एक सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तेव्हा एका दुपारी घरी फोन आला. मी बाहेर होतो. पलीकडचा माणूस फार आदबीने बोलत होता. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, मी दुरुस्त करून देतो, फक्त एक छोटा प्रोग्रॅम टाका म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल. सिस्टरने टाकला. मग त्याने मोबाईलवर आलेला आकडा विचारला, तोही सांगितला. मी घरी आलो तेव्हा ती खुर्चीत बसून होती आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरत होता. मी वायर उपटली, पण तोवर बँकेतून जायचं ते गेलं होतं.

पैसे गेले त्याचं एवढं नाही. त्यावाचून आमचं काही अडलं नाही. गेलं ते दुसरंच. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, “तीस वर्षं औषधांच्या कपाटाची किल्ली मी कोणाच्या हातात दिली नाही. मोठ्या डॉक्टरांच्यासुद्धा नाही. आणि आज नुसत्या आवाजावर सगळं घर उघडून दिलं.” रडली वगैरे नाही. पण त्यानंतर आठ महिने ती कॉम्प्युटरच्या जवळ फिरकली नाही. फोन वाजला की माझ्याकडे बघायची. बाजारात दोन साबणांपैकी कोणता घ्यायचा हेसुद्धा मला विचारायला लागली. ज्या बाईने अर्ध्या तासात तीन-तीन रुग्णांचे निर्णय घेतले, ती बाई मला साबण विचारायची. पुस्तक ती हाताने लिहायला लागली, तेही अडखळत, कारण इतकी वर्षं माणसं उचलून तिचा उजवा अंगठा कामातून गेलेला आहे. अर्धं पान झालं की तो सुजायचा.

मग एक दिवस ती स्वतःच उठली, कोणाला काही न विचारता कॉम्प्युटरच्या दुकानात गेली आणि अँटिव्हायरसची तीन वेगवेगळी खोकी मागून घेतली. तिन्ही खोक्यांच्या सगळ्या बाजू तिने वाचून काढल्या. दुकानदाराने शेवटी बसायला स्टूल दिलं. तिने पुरतं तीन वर्षांचं सबस्क्रिप्शन निवडलं, घरी आणलं आणि एकेक ओळ वाचत स्वतः बसवलं. मला जवळ येऊ दिलं नाही. झाल्यावर स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी खूण आली. त्यावर टिचकी मारली की लिहून यायचं : संरक्षण चालू आहे, शिल्लक दिवस अमुक अमुक.

त्या दिवसापासून रोज सकाळी ती आधी तो आकडा बघायची आणि वहीत पानाच्या वरच्या कोपऱ्यात टिपून ठेवायची, आणि मग कामाला बसायची. वॉर्डात ताप टिपायची सवय, दुसरं काय. मी चेष्टा करायचो. “आज रुग्णाचं कसं काय?” असं विचारायचो. ती म्हणायची, “तुम्ही आतली पाटी वाचल्याशिवाय कधी लिफ्टमध्ये चढलात का?” खरंच, आजवर चढलेलो नाही. पण मनातून मला तो आकडा फार आवडायचा. तो टिपून झाला की तिची पाठ ताठ व्हायची. प्रकरणामागून प्रकरण हातावेगळं होत गेलं आणि साबणही ती आपला आपण घ्यायला लागली.

आता घोळाकडे येतो. गेल्या महिन्यात कॉम्प्युटर इतका मंदावला की बटण दाबून माणसाने आंघोळ करून यावं, तरी तो उठता उठत नव्हता. मी सांगितलं, हा सगळा पुसून पुन्हा नव्याने भरायला हवा. सिस्टर म्हणाली, “पुस्तक सांभाळा म्हणजे झालं.” ती रविवारी सकाळी तिच्या बहिणीकडे गेली आणि मी बाह्या सरसावल्या.

पुस्तक मी दोन पेन ड्राइव्हवर घेतलं. दहाही प्रकरणं उघडून पाहिली. एकतीस वर्षांची सवय आहे, नुसता दोर दिसला म्हणून मी कधी सही केली नाही, ओढून पाहिला. मग सगळं पुसलं, सगळं नव्याने टाकलं. चार वाजेपर्यंत यंत्र तुरूतुरू पळायला लागलं. मध्येच त्याने विचारलं, या कॉम्प्युटरला नाव काय देऊ? आणि खातं कोणाचं लावू?

इथे माझी नोकरी आडवी आली. आमच्याकडे नियम होता. लिफ्टचं मोठं काम निघालं, मोटर बदलली, दोर बदलले, की जुना क्रमांक रद्द. नवी नोंद, नवा क्रमांक, नवीन कागद. जुना कागद भिंतीवर राहिला तर दंड. हा नियम माझ्या रक्तात भिनलेला. तेव्हा मी ‘वॉर्ड’ हे सिस्टरने दिलेलं जुनं नाव बाजूला सारलं आणि ऐटीत लिहिलं, ‘यंत्र क्रमांक दोन’. अँटिव्हायरससाठीही माझ्या ईमेलने कोरं करकरीत खातं काढलं. तिच्या जुन्या खात्याचा आता काय संबंध, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, खात्रीच होती.

मग तिच्या कपाटातून ते खोकं काढलं, आतल्या कार्डावरचा लांबलचक कोड टाकला. उत्तर आलं : हा कोड दुसऱ्या खात्यात दुसऱ्या यंत्रावर वापरात आहे. मी म्हटलं, दुसरं यंत्र कुठून आलं? हेच ते यंत्र! पुन्हा टाकला. तेच उत्तर. तिसऱ्यांदा मोठ्याने एकेक अक्षर वाचत टाकला. चौथ्यांदा शिव्या घालत टाकला. सहाव्या वेळी त्याने हात जोडले : प्रयत्न फार झाले, कोड तूर्त बंद केला आहे, मदत केंद्राशी संपर्क साधा.

तेवढ्यात दाराशी चप्पल वाजली.

सिस्टरने पर्स ठेवली, हात धुतले आणि थेट कॉम्प्युटरपाशी आली. “अगदी झटकन उघडतोय हो,” असं कौतुकाने म्हणाली. मग तिची नजर कोपऱ्यात गेली.

“हिरवं कुठंय?”

“येईल. थोडं काम राहिलंय.”

“आज सहाशे तेरा असायला हवेत. काल चौदा होते.”

मी काय झालं ते सांगितलं. यंत्र क्रमांक दोनचं मात्र सांगितलं नाही, कारण तो घोळ आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. ती ऐकत उभी राहिली. मग खुर्ची टेबलाखाली सरकवून ठेवली. वॉर्डातली खाट रिकामी झाली की सरकवतात तशी.

“अगं, नवीन आणू उद्या. आहे काय त्यात?” मी म्हणालो.

“नवीन कशाला? मी तीन वर्षांचं घेतलंय.”

“ते गेलं बहुतेक. पुसलं ना आपण सगळं.”

“पुसलं तर पुसलं. मी रीतसर घेतलेलं कसं जाईल?” ती म्हणाली. आणि मग जरा थांबून हळू आवाजात, “सगळं वाचून घेतलं होतं मी. दुकानात तासभर उभी होते. तेही चुकलंच असेल, तर मग काय राहिलं?”

एवढं बोलून तिने ओळींचे कागद काढले, पेन काढलं, आतल्या खोलीत गेली आणि अकरावं प्रकरण हाताने लिहायला लागली. मला काय करावं कळेना. सतरा दिवस, दोन प्रकरणं आणि तो अंगठा. त्यातही मला खरी भीती पुस्तकाची नव्हती. परत साबण विचारायला लागेल, ही होती.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनात एक चोरटा विचार आला. गुपचूप नवीन खोकं आणायचं, बसवायचं आणि सांगायचं, झालं ठीक. मग लक्षात आलं की नव्यात आकडा वेगळा दिसणार. ज्या बाईने वहीत सोळा महिने रोज आकडा टिपलाय तिच्या डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे अख्खी वही खोटी लिहावी लागेल. तो विचार तिथेच सोडला आणि झोपलो.

सोमवारी सकाळी ती आतल्या खोलीत अंगठ्याला पट्टी गुंडाळून लिहीत बसली होती. मी बाहेर कॉम्प्युटरपाशी. मदत केंद्राचा नंबर शोधावा म्हणून इंटरनेटवर कंपनीचं नाव टाकलं. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत नंबर आला. लावला. पहिल्या घंटेलाच उचलला. मी खूश झालो. याला म्हणतात सेवा, असं मनात म्हटलंसुद्धा.

“बोला सर, काय अडचण आहे?” पलीकडे तरुण, गोड आवाज.

मी सगळा पाढा वाचला. तो मध्ये मध्ये “बरोबर सर”, “अगदी बरोबर सर” म्हणत होता. निवृत्त झाल्यापासून इतक्यांदा मला कोणी बरोबर म्हटलं नव्हतं. त्याने विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे तांत्रिक माणूस! मग तर दोन मिनिटांचं काम आहे. सर, मी एक छोटा प्रोग्रॅम पाठवतो. तो टाका, म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल.”

हे शब्द मी दोन वर्षं रोज मनातल्या मनात ऐकत आलो होतो. आणि तरीही, खोटं कशाला बोलू, माझं बोट बटणाकडे गेलं. कारण फोन मी लावला होता ना! चोर फोन करतो, आपण ज्याला फोन करतो तो चोर कसा असेल? शिवाय तो मला सर म्हणत होता.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सिस्टर दारात उभी होती. तिने ‘स्क्रीन’ एवढाच शब्द ऐकला असावा.

“कोण आहे?”

“कंपनीचा माणूस आहे,” मी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणालो.

“नंबर कुठून घेतलात?”

“इंटरनेटवरून.”

“खोक्यावर छापलाय की. खोक्यावरचा का नाही घेतलात?”

खोकं माझ्या कोपराशीच होतं.

तिने हात पुढे केला. मी रिसीव्हर दिला. तिने दुसऱ्या हाताने वही ओढून घेतली, शनिवारचं पान उघडलं आणि अगदी मुख्य परिचारिकेच्या आवाजात म्हणाली, “नमस्कार. तुम्ही कंपनीतून बोलताय तर माझं खातं तुमच्यासमोर असेल. माझे किती दिवस शिल्लक आहेत, तेवढं सांगा.”

मी कान लावला होता.

“मॅडम, आधी तो प्रोग्रॅम टाका, मग सगळं दिसेल.”

“ते नंतर. आधी दिवस.”

“मॅडम, तुमचे दिवस संपलेत. कधीच संपलेत. म्हणून तर तुमचा कॉम्प्युटर धोक्यात—”

“कधी संपले? तारीख सांगा.”

“मॅडम, तुम्ही सरांना फोन द्या.”

“सर घरी नाहीत,” सिस्टर म्हणाली आणि फोन ठेवला. मी तिच्यापासून हातभर अंतरावर आ वासून उभा होतो.

फोन पुन्हा वाजला. तिने उचलून तसाच खाली ठेवला. आणखी एकदा वाजला, मग थांबला. ती पाणी प्यायली. मी म्हटलं, “अगं, मी तर—” आपण एकतीस वर्षं दोर ओढून पाहिले आणि या गोड दोराला मात्र लटकलो, असं काहीतरी वाटत होतं. आणि दोन वर्षांपूर्वी मी तिला, अगदी सौम्य शब्दांत का होईना, “असं कसं केलंस गं?” म्हणालो होतो, तेही आठवलं. तसं मी म्हणायला नको होतं. ते मी तिला तिथेच, उभ्या उभ्या सांगितलं.

“राहू दे हो,” ती म्हणाली. “खोकं द्या इकडे.”

खोक्याच्या तळाला बारीक अक्षरांत नंबर होता. तिने तो चष्मा लावून एकदा वाचला, बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचला, आणि डायल करताना तिसऱ्यांदा. औषधाच्या बाटलीची चिठ्ठीसुद्धा ती अशीच तीनदा वाचायची, बाटली उचलताना, ओतताना आणि परत ठेवताना. फोन लागला. तिथे आधी बराच वेळ संगीत वाजलं. बावीस मिनिटं. मी दोनदा म्हटलं, ठेव, नंतर लावू. ती ताठ बसून राहिली. खरे लोक वाट बघायला लावतात, असं ती म्हणाली, आणि रुग्णालयात इतकी वर्षं काढलेल्या बाईला ते माहीत असणारच.

शेवटी एक बाई बोलली. सर्दी झाली होती तिला, आवाज बसलेला. गोड वगैरे मुळीच नव्हता.

सिस्टरने पहिलाच प्रश्न टाकला. “माझे किती दिवस शिल्लक आहेत?”

“थांबा हं. आधी तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री करते. तुमचा नोंदवलेला ईमेल सांगा. त्यावर सहा आकडे येतील. ते आमच्या साइटवर तुमच्या खात्यात टाका. मला सांगू नका.”

“तुम्हाला नको?”

“नको. आम्हालाही सांगायचे नसतात. कोणालाच नाही.”

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मोबाईलवर आकडे आले होते. मी मदत म्हणून वाचायला वाकलो, तर तिने मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. “कोणालाच नाही म्हणाली ती,” असं मला बजावलं, आणि एका बोटाने सहा आकडे टाकले. तिचं खातं उघडलं.

“दिसलं मलाही,” सर्दीवाली बाई म्हणाली. “तीन वर्षांचं आहे तुमचं. सहाशे बारा दिवस शिल्लक.”

सिस्टरने वहीकडे पाहिलं. शनिवारी चौदा, रविवारी तेरा, सोमवारी बारा. तिने आजच्या पानावर वरच्या कोपऱ्यात सहाशे बारा लिहिलं. तिचे डोळे भरून आले आणि माझेही. त्या सर्दीवाल्या बाईला वाटलं असेल फोन कटला, कारण ती दोनदा हॅलो हॅलो म्हणाली.

“आहे, आहे,” सिस्टर म्हणाली. “पण मग आमचा कॉम्प्युटर नाही का म्हणतो?”

“तुमच्या खात्यात ‘वॉर्ड’ नावाचं एक मशीन दिसतंय. त्याच्यावर हे चालू आहे. आणि तुमचाच कोड काल दुसऱ्या एका खात्यातून सहा वेळा टाकलाय. ‘यंत्र क्रमांक दोन’ नावाच्या मशीनवरून. हे कोणाचं आहे?”

सिस्टरने मान हळूच माझ्याकडे वळवली.

मी घसा खाकरला. मग फोनच्या जवळ तोंड नेऊन, जसं मोठ्या साहेबांसमोर सांगायचं तसं, सगळं सांगितलं. मोठं काम निघालं की जुना क्रमांक रद्द, नवी नोंद, नवीन कागद. सर्दीवाल्या बाईला हसू आवरेना. हसता हसता खोकला आला, मग तिने पाणी पिऊन पुन्हा फोन घेतला.

“काका, तुमच्या लिफ्टचा परवाना लिफ्टच्या नावाने असतो. हा मावशींच्या नावाने आहे. मशीन पुसा, तोडा, पाण्यात टाका. जे घेतलंय ते त्यांच्या खात्यात आहे, मशीनमध्ये नाही. ते कुठे जात नाही.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढचं सोपं होतं. ‘वॉर्ड’ या नावापुढे ‘काढून टाका’ असं बटण होतं. ते दाबण्याआधी सिस्टरने विचारलं, “हे काढलं म्हणजे दिवस नाही ना जाणार?” नाही, असं उत्तर आल्यावरच दाबलं. माझं कोरं करकरीत खातं तिने बंद केलं. मग नव्या यंत्रावर तिच्या ईमेलने आत गेलो आणि कोडसुद्धा टाकावा लागला नाही. कोपऱ्यात हिरवी खूण उमटली. सर्दीवाल्या बाईला सिस्टरने वाफ घ्यायला सांगितलं, किती वेळा आणि कशी तेही सांगितलं, आणि ती बाईही लिहून घेत असावी, कारण दोनदा “हं, पुढे?” म्हणाली.

फोन ठेवल्यावर सिस्टरने वही मिटली. मग म्हणाली, “तो दुसरा कसा बोलत होता हो! सर, सर. मला वाटायचं मीच तेवढी खुळी.”

“मी बटण दाबणार होतो,” मी म्हणालो. “अगदी दाबणारच होतो.”

“माहितीय. बोट बघितलं मी.”

आणि ती हसली. खळखळून, पदर तोंडाला लावून, दोन वर्षांत हसली नव्हती अशी. माझी फजिती होऊन तिला हसू येतंय याचा मला इतका आनंद झाला की मीही हसत सुटलो. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकीतून डोकावून काय झालं म्हणून विचारलं. तर तिने, जिने ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती, तिने खिडकीतूनच दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. आधी स्वतःची, मग माझी. माझी जरा मीठमसाला लावून.

अकरावं प्रकरण तिने त्याच दिवशी कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली. पण त्याआधी एक काम केलं. यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरून, एकेक ओळ वाचत, तिने माझ्यासाठी वेगळं दार केलं. आता माझ्या नावाने यंत्र उघडलं तर मी बातम्या वाचू शकतो, पत्र लिहू शकतो, चित्रं पाहू शकतो. पण नवीन काही टाकायचं झालं तर तिचा पासवर्ड लागतो. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, “पाहुणा खातं म्हणतात याला.” आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर मी पाहुणा झालो. ज्याच्या सहीशिवाय शहरातली लिफ्ट हलत नव्हती, त्या माणसाला आता सहीसाठी स्वयंपाकघरात जावं लागतं.

काल मला पत्त्यांचा एक खेळ टाकायचा होता. अगदी साधा, फुकटचा खेळ. यंत्राने तिचा पासवर्ड मागितला. मी हाक मारली. ती बाराव्या प्रकरणाचे छापील कागद हातात घेऊन आली, चष्मा डोळ्यांवर आणला आणि त्या खेळाबद्दल लिहिलेलं सगळं उभ्या उभ्या वाचलं, तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“नको,” ती म्हणाली.

“का?”

“याला आपले फोन नंबर कशाला हवेत? पत्ते खेळायला?” असं म्हणून तिने ‘नाही’वर टिचकी मारली आणि कागद घेऊन निघून गेली. तुमचं काय मत आहे, असं तिने मला विचारलं नाही. मी रिकाम्या स्क्रीनपुढे बसून राहिलो, खेळाशिवाय, आणि इतका सुखात की विचारू नका.